निखिल अक्कांकडे शहाणा असायचा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. जळगावहून त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा फोन. “काकू, आई गेली,” तो म्हणाला. सकाळचा चहा घेऊन अक्का खुर्चीत बसल्या होत्या, त्या तशाच गेल्या… मी लगेच निखिलला, माझ्या मुलाला पुण्याला फोन लावला. नोकरी करणारा, दाढी राखणारा पोरगा, फोनवर ढसाढसा रडला. मी फोन कानाला धरून उभी होते, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : मी गेल्यावर हा इतका रडेल का?

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव कमल, पण सगळं घर त्यांना अक्काच म्हणायचं, म्हणून मीही. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ मिळतील. मलाही चांगलंच लिहायचं आहे. पण हेवा वगळून मला अक्का आठवतच नाहीत, त्याला मी तरी काय करू?

मी लग्न होऊन आले तेव्हाच अक्कांची जागा पक्की झालेली होती. त्यांचं भरीत, त्यांच्या कुरडया, त्यांचा आवाज कधी न चढणं… सासूबाई येईल त्याला हे सांगायच्या, आणि सांगताना माझ्याकडे बघायच्या. मी एका पतपेढीत नोकरी करत होते, त्यामुळे माझं भरीत तसंही घाईत भाजलेलं असायचं. भरिताचं मी मनावर घेतलं नाही. पण निखिल झाला, बालवाडीतून पहिलीत गेला, आणि अक्कांनी माझ्याकडची अशी एक गोष्ट नेली की ती मनावर न घेणं मला जमलं नाही.

निखिल लहानपणी आवरायचाच नाही. खोडकर मुलं मी पाहिली होती, हे निराळं होतं. जेवताना ताटाभोवती फिरायचा, झोपायच्या वेळी गादीवर उड्या मारायचा, गृहपाठाच्या दोन ओळी झाल्या की पेन्सिल फेकून द्यायचा. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. एकदा त्यानं शेजारच्या मुलीला चावा घेतला आणि मग स्वतःच इतका घाबरला की पलंगाखाली जाऊन बसला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “आई नोकरी करते ना, मुलाला वेळ मिळत नसेल.” आमच्या गल्लीतही तेच बोललं जाई, फक्त माझी पाठ वळल्यावर.

त्या उन्हाळ्यात निखिल सुट्टीला जळगावला गेला. महिनाभरानं मी त्याला आणायला गेले. एरंडोलपर्यंत बसमध्ये उभी, घामानं निथळलेली, आणि मनात एकच धाकधूक, की पोरानं अक्कांचं घर डोक्यावर घेतलं असेल. दारात पाऊल टाकलं तर निखिल ओसरीवर मांडी घालून बसलेला. समोर सुपात भुईमुगाच्या शेंगा, आणि तो एकेक शेंग फोडून दाणे वाटीत टाकतोय. मला पाहून हसला, पण उठला नाही. “थांब, एवढ्या संपवतो,” म्हणाला. दुसऱ्या कोणत्याही आईला आनंद झाला असता. मला मात्र ते लागलं. हा माझ्याकडे असा का नव्हता?

धुळ्याला परतल्यावर आठवडाभरात पुन्हा तोच गोंधळ सुरू झाला. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच असत. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “तठे तं गुमान बसस. आठेच काय व्हस त्याले?” तिथं गुमान बसतो, मग इथंच काय होतं, याचं उत्तर त्यांच्या मनात तयार होतं, आणि ते मी होते. पुढे दिवाळीतही तेच घडलं. तिकडे शांत, इकडे वादळ. शेवटी माझे यजमान, विलास, एका रविवारी जेवताना खाली मान घालून बोलले, “त्याला जळगावच्याच शाळेत घालू या का? अक्कांकडे राहील. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.” माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मुलगा द्यायचा, तोही अक्कांना! मी त्या दिवशी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावरही गेले नाही.

विलासनी जळगावला फोन केलाच. मला वाटलं होतं, अक्का पटकन हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “नको, विलासभाऊ. त्याची आई तिथं आहे. मीच येते थोडे दिवस.” आणि आल्याही. हातात एक पिशवी, तिच्यात दोन साड्या आणि निखिलसाठी दाणे. त्यांनी नकार दिला म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो मोठेपणाही त्यांच्याच वाट्याला गेला, म्हणून मी चिडले होते. मनात म्हटलं, आता येऊन माझं घर तपासणार.

त्यांनी घर तपासलं नाही. त्या नुसत्या निखिलजवळ बसत. विलास तेव्हा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. मुलांचा खाऊ तयार होई तिथं : लाल-पिवळ्या नळ्या, नारिंगी गोळ्या, हिरवी-जांभळी जेली. तुटका माल कामगारांना मिळायचा. रोज संध्याकाळी विलास पिशवी घेऊन येत, गल्लीतली मुलं ओट्यावर गोळा होत आणि निखिल त्यांचा राजा होई. दिवसभर यंत्राच्या आवाजात उभा राहणारा बाप, घरी आल्यावर पोराच्या तोंडावरचा तो आनंद बघायचा. त्यात वाईट काय आहे, असं मलाही वाटे.

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी अक्कांनी निखिलला जवळ घेतलं. “जीभ दाखव रे, राजा.” जीभ गडद नारिंगी, ओठांच्या कडा हिरव्या. अक्कांनी नुसतं बघून ठेवलं. तासाभरानं निखिल भिंतीवर चेंडू आपटत, किंचाळत खोलीभर धावू लागला, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, “मीना, पोऱ्या वाईट नही शे वं. हे पोटात जातंय त्याचं काहीतरी आहे. माझ्याकडे हे रंगाचं काहीच नसतं ना.”

मी फणकारले. “अक्का, गल्लीतली सगळी पोरं हेच खातात. ती कुठं असं करतात?”

“नसतील करत. सगळ्यांचं पोट सारखं कुठं असतं?”

आम्ही देवपुरातल्याच मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते सावध माणूस होते. म्हणाले, काही मुलांना अशा रंगांचा त्रास होत असावा, सगळ्यांना होतो असं नाही, आणि याच मुलाला होतो हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही आठवडे पूर्ण बंद करून बघा, औषधाची घाई नको. मी अक्कांकडे विजयानं पाहिलं, कारण डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं. अक्का मात्र त्यांना विचारत होत्या, “सरबतातला रंगही बंद ना? आणि खोकल्याचं ते लाल औषध?” हे मला का नाही सुचलं?

विलासना सांगणं सर्वांत अवघड गेलं. ते दुखावले. “अक्का, हा माल पास झालेला असतो. आम्ही काय विष विकतो का?”

“मी तसं कुठं म्हटलं, भाऊ? कारखाना चालू दे. पिशवी तेवढी घरी आणू नका.”

पिशवी बंद झाली. पहिले काही दिवस निखिलनं थैमान घातलं. विलास हात हलवत घरी येत आणि मुलाच्या नजरेला नजर देत नसत. मग एके दिवशी ते नरडाणा स्टेशनाबाहेरून उकडलेल्या शेंगा घेऊन आले, आणि बापलेक ओट्यावर बसून त्या सोलू लागले. हळूहळू निखिल झोपायला लागला. गृहपाठ पुरा करू लागला. एका लग्नात त्यानं लालभडक सरबताचे पेले रिचवले आणि मांडवात जो धुमाकूळ घातला, तो पाहून माझीही खात्री पटली. निदान बरीचशी पटली. कारण आजही मनाच्या एका कोपऱ्यात मी डॉक्टरांचं ते वाक्य जपून ठेवलं आहे. कदाचित रंग नसतीलच. कदाचित मुलगा आपोआप मोठा झाला असेल, किंवा बापाशेजारी बसायला मिळालं म्हणून निवळला असेल. हे खरंही असू शकेल. पण मला ते पटतं, ते त्यात अक्कांचं श्रेय थोडं कमी होतं म्हणून.

अक्कांनी ते श्रेय कधी मागितलं नाही. सासूबाई कौतुक करू लागल्या की त्या विषय बदलत. निखिल मात्र त्यांचाच झाला. परीक्षेचा निकाल आधी जळगावला कळायचा. पहिल्या पगाराची साडी त्यानं दोघींना आणली. एकसारखी. एकसारखीच का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

अक्कांच्या दहाव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा जळगावच्या त्या स्वयंपाकघरात मी आणि प्रशांत दोघंच होतो. प्रशांत आता चाळिशीला आलाय. जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. अचानक म्हणाला, “काकू, मी पण निखिलसारखाच होतो. तुम्ही लग्न होऊन आलात तोवर मी निवळलो होतो. त्याआधी आईनं मला लाटण्यानं मारलंय. त्या खिडकीच्या गजाला ओढणीनं बांधून ठेवायची.”

माझा विश्वास बसेना. आवाज न चढवणाऱ्या अक्का!

“मला शाळेबाहेरच्या नारिंगी गोळ्यांचं वेड होतं. त्यामुळे तसं व्हायचं की नाही, कोण जाणे. आईला मात्र नंतर तसं वाटू लागलं. म्हणायची, मी नीट बघितलंच नाही रे, नुसती मारत सुटले… म्हणून निखिलच्या वेळी ती शांत बसून बघत राहिली.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला आईचा राग यायचा ना? मला दिसायचं.”

“हेवा वाटायचा,” मी म्हटलं. “अजून वाटतो.”

“मला निखिलचा वाटतो. मी सुट्टीत हॉस्टेलवरून घरी यायचो आणि तिला त्याच्या केसांतून हात फिरवताना बघायचो. मला जी आई हवी होती, ती त्याला मिळाली.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात जळणारी मी एकटीच. मी प्रशांतच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला नाही, फक्त मान हलवत राहिला.

तेवढ्यात बाहेरून निखिलची हाक आली. “आई, चहा टाकतेस का?”

त्या घरात ‘आई’ अशी हाक प्रशांत मारायचा, आणि ओ द्यायच्या अक्का. मी उठायच्या आधी आम्ही दोघांनीही स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहिलं… मग मी उठले. गॅस पेटवला, दूध काढलं. साखर काही सापडेना. खालचे डबे उघडले, वरचे उघडले. निखिल आत आला, माझ्या डोक्यावरून हात लांब केला आणि मागच्या रांगेतून बरोबर तोच डबा काढून माझ्या हातात ठेवला. शोधावंही लागलं नाही त्याला.

मी चहात साखर टाकली आणि ढवळत राहिले, विरघळून गेल्यावरही.