पंधरा मशीन, चार-चार जीबी

जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकून शाळेची लॅब चालवायला घेतली की किस्से शोधावे लागत नाहीत. रोज एक तरी हजर! आमची शाळा जयगडच्या वाटेवर, आणि मी तिथला कॉम्प्युटरचा मास्तर. यंदा फर्मान आलं, की पंधराही मशीनमध्ये चार जीबी मेमरी नसेल तर ऑनलाइन परीक्षेचं केंद्र रत्नागिरी शहरात जाणार. आमच्या वाड्यांवरच्या मुलांना पहिली एसटी पकडूनही सकाळचा पेपर गाठता आला नसता. मला खरंच धास्ती बसली होती.

* * *

आधी तपासणी. मी `free -h` कमांड दिली. मागे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, उभ्या होत्या. ‘free’च्या रकान्यात जेमतेम दीडशे एमबी बघून त्या दचकल्याच.

"अहो सर, संपलीच की!"

म्हटलं, "बाई, शेवटचा ‘available’चा रकाना बघा. लिनक्स रिकामी मेमरी तात्पुरती वापरतं, कोणी मागितली की परत देतं."

"मागितल्यावर परत देतं? मग आमच्या स्टाफरूमपेक्षा बरं आहे!"

* * *

सहा मशीनमध्ये दोनच जीबी निघाली. नवीन रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, मागवल्या. मशीन डीडीआर-थ्रीची, आणि मी घाईत मागवली डीडीआर-फोर! खाच जुळेना. चूक सर्वस्वी माझी.

आमचे शिपाई शांताराममामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, कानस आणू काय? जराशी घासली की बसंल."

* * *

बदलून आलेली रॅम बसवली, तर दुसरीच तीन मशीन नुसती बीप करत बसली. खाडीची खारी हवा, जुन्या रॅमच्या पट्ट्या काळवंडलेल्या. त्या खोडरबराने घासल्या की बहुतेक वेळा काम होतं. मी रीतसर मागणीपत्र दिलं: ‘कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी खोडरबर, नग चार.’

ऑफिसातून शेरा आला, ‘पेन्सिली का मागितल्या नाहीत, खुलासा करावा.’

* * *

मग मेमटेस्ट. रॅम सदोष आहे का ते हा प्रोग्राम तपासतो, पण तासन्‌तास घेतो. तीन दिवस ओळीने मी टेस्ट लावून घरी गेलो आणि सकाळी मशीन बंद! चौथ्या दिवशी स्क्रीनवर चिठी चिकटवली, ‘हे मशीन बंद करू नये.’ सकाळी परत बंद.

"मामा, चिठी वाचली नाहीत?"

"वाचली की! मशीनला हात नाय लावला. मेन स्विच तेवढा पाडला."

* * *

तपासणीचा दिवस उजाडला. परीक्षा केंद्र तपासायला आलेले साहेब पहिल्या मशीनसमोर बसले. मी कमांड दिली. एकूण मेमरी: ३.७.

"चार पाहिजे," साहेब म्हणाले. "हे नियमात बसत नाही."

मी म्हटलं, "साहेब, रॅम चारचीच आहे. त्यातली थोडी मशीन स्क्रीनसाठी राखून ठेवतं, म्हणून ती इथे दिसत नाही."

"मला दिसतं तेच मी लिहिणार."

केंद्र गेलं, असं मी मनाशी धरून चाललो.

दारात चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. म्हणाले, "साहेब, आमच्या घराला चार खोल्या. त्यातलं एक देवघर, तिथं कोण राहत नाय. म्हणून ग्रामपंचायत घरपट्टी तीन खोल्यांची घेते काय ओ?"

साहेबांनी मामांकडे बघितलं. स्क्रीनकडे बघितलं. चहा घेतला, पेन उघडलं आणि चार लिहिलं.

दुसऱ्या मशीनपासून मी नुसती कमांड देत गेलो. साहेब स्वतःच आकडा बघत आणि पुटपुटत लिहीत, "देवघर धरून चार!"