हेझलबी साहेबांचं मूळ गाव

दुसऱ्याच्या गावाचा इतका ध्यास घेतलेला माणूस साऱ्या ओमानमध्ये आमच्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल, आणि यापुढे होऊ नये अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. साधी माणसं नवीन माणूस भेटला की उकाड्याबद्दल बोलतात, मुलं कितवीला आहेत विचारतात, फार तर कुठल्या कंपनीत म्हणून चौकशी करतात. आमचे साडू आडनाव विचारत. आडनावाच्या शेवटी ‘कर’ ऐकू आला की त्यांचे डोळे लकाकत, हातातली प्लेट खाली जाई आणि समोरच्याची उलटतपासणी सुरू होई. ते गाव अजून आहे का? तुमचं तिथे कोण असतं? शेवटचं कधी गेला होता? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्वतः पाहिलंय, वेंगुर्लेकर नावाच्या एक बाई जन्मात वेंगुर्ल्याला गेल्या नव्हत्या. साडूंनी त्यांना आरती संपेपर्यंत इतकं लाजवलं की पुढच्या सुट्टीत बिचारी नवऱ्याला घेऊन तिकडे जाऊन आली, आणि पुरावा म्हणून साडूंना बंदराचा फोटो पाठवला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. मस्कतच्या गाला भागातल्या एका बांधकाम सल्लागार कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. इमारतींचे नकाशे काढायचे आणि माणसांचे शोधायचे, असा त्यांचा दिनक्रम. एकदा गाडीचे ब्रेक करकरायला लागले. ऑफिसच्या समोर चार गॅरेजं होती, पण हे महाराज तसल्या ब्रेकनिशी पार दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात गेले, कारण तिथला मेकॅनिक मिठबांवकर. बरोबर मी होतो, जीव मुठीत धरून. पोचल्यापोचल्या साडूंनी त्याला मिठबांवच्या देवळाबद्दल विचारायला सुरुवात केली. गाडीखालून आवाज आला, “सायबानू, आदी ब्रेक बघू की गाव सांगू?” साडू म्हणाले, “गाव.” मी म्हणालो, “ब्रेक.” शेवटी तो ब्रेक बघता बघता गाव सांगायला लागला, आणि आम्ही दोन तास उन्हात उभे.

दुसऱ्या खेपेला अल् खुवैरच्या दवाखान्यात दाढ काढायला गेले. डॉक्टरीणबाई निफाडकर. तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर, तर या गृहस्थांनी खिशातलं पेन काढून टिश्यू पेपरवर लिहून विचारलं, ‘निफाड सोडून किती पिढ्या झाल्या?’ बाईंना वाटलं पेशंटला काहीतरी होतंय. त्यांनी लगेच रक्तदाब मोजला. तो अगदी उत्तम निघाला. कशाला बिघडेल? तो आमचा बिघडायचा.

लग्नसुद्धा त्यांनी याच नादात केलं. आमच्या सासरचं आडनाव कशेळकर. मुलगी बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काहीएक न विचारता ते म्हणाले होते, “कशेळीत तुमचं घर अजून आहे ना?” आहे म्हटल्यावर लगेच होकार. अक्का हे अजून सांगतात आणि अजून चिडतात. “अहो, यांनी माझ्याशी नाही, गावाशी लग्न केलंय,” असं त्या म्हणाल्या की साडू शांतपणे म्हणत, “दोघंही छान आहेत.”

आता एवढ्या गाववेड्या माणसाचं स्वतःचं गाव कुठलं? इथेच सगळी गोम होती. त्यांचं आडनाव मी सांगत नाही, कारण सांगून काही कळणार नाही. पुण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात ते मोठ्याने पुकारलं तर अर्धं कार्यालय उठून उभं राहील, असलं. पूर्वजांच्या कामावरून पडलेलं. त्यात गावाचा मागमूस नाही. वडील पोस्टात. दर तीन वर्षांनी बदली, दर तीन वर्षांनी नवी शाळा. आजोबांचंही तेच. “गाव कुठलं?” असं कुणी त्यांनाच विचारलं तर एरवी धबधब्यासारखा बोलणारा हा माणूस एकदम चष्मा पुसायला लागे. मी एकदा चेष्टेत म्हणालो, “साडूभाऊ, तुमचं गाव पोस्टाच्या पेटीत हरवलं बहुतेक.” ते हसले. पण अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची चेष्टा मी चहाबरोबर गिळून टाकली.

त्यांच्या कंपनीत हेझलबी नावाचे मुख्य इंजिनियर होते. इंग्रज. उंच, वाकलेले, उन्हाने तांबडे झालेले, आणि गेली पंचवीस वर्षं मस्कतमध्ये. जन्म आफ्रिकेत कुठेतरी, शाळा वसतिगृहात, नोकऱ्या सगळ्या आखातात. बायको केव्हाच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. दोन हजार तेराच्या आसपास त्यांची निवृत्ती ठरली, तीन महिन्यांवर आली. ऑफिसात कुणीतरी विचारलं, सर, आता कुठे जाणार? साहेब म्हणाले, ठरलं नाही; तसं पाहिलं तर जायचं असं ठिकाण नाही. आणि पुन्हा ड्रॉइंगमध्ये डोकं घातलं.

साडू त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन. “अहो, ऐकलंत का? साठी उलटलेला माणूस, आणि जायला ठिकाण नाही म्हणतो! आणि आडनाव बघा त्याचं! हेझलबी! हेझल म्हणजे एक झाड असतं तिकडे, बदामासारखी फळं येतात. आणि ‘बी’ म्हणजे वाडी. म्हणजे हा तर चक्क आपला फणसवाडीकर झाला! याचं गाव असणारच. निरोपसमारंभाच्या आत मी ते शोधून देणार.”

मी म्हणालो, “त्याने मागितलंय का?”

“तहानलेला माणूस पाणी मागतोच असं नाही,” साडू म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे तीन महिने त्या घरात दुसरं काही झालं नाही. हॉलमध्ये सोफ्याच्या वर जगाचा भला मोठा नकाशा लागला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर देशोदेशींच्या फोनच्या याद्या चाळायच्या, हेझलबी सापडला की त्या जागी टाचणी. ऑस्ट्रेलियाला निळी, कॅनडाला हिरवी, न्यूझीलंडला पिवळी. अक्का म्हणत, “माझ्या हॉलला गोवर आलाय.” दर शुक्रवारी सुट्टीचा मी त्यांच्या घरी गेलो की साडू माझा हात धरून नकाशापाशी नेत. “हे बघा, हे पर्थचे हेझलबी, यांची बेकरी आहे. हे टोरांटोचे, यांनी उलट उत्तर पाठवलंय की पुन्हा मेल करू नका. स्वभाव जरा तापट आहे, पण आपल्यातलेच.” सगळं जग पिंजून काढल्यावर एका जुन्या नकाशात त्यांना खुद्द हेझलबी गाव सापडलं. इंग्लंडच्या पूर्वेला, शेतांच्या मधोमध, एक ठिपका. त्या दिवशी अक्कांना शिरा करावा लागला.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त आपलाच माणूस करू जाणे. त्या गावातल्या चर्चच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं. पत्र मी वाचलंय. इंग्रजी उत्तम होतं, प्रश्न सगळे कोकणातले. ग्रामदैवत कुठलं? जत्रा कोणत्या महिन्यात? जत्रेत हेझलबी घराण्याचा मान काय असतो? पालखीला खांदा द्यायचा अधिकार त्यांच्याकडे अजून आहे की मधल्या काळात दुसऱ्या कुणी बळकावला? तसं असल्यास, घराण्याचे एक ज्येष्ठ सदस्य लवकरच परतत असून त्यांचा मान त्यांना परत मिळावा, ही नम्र विनंती.

मी म्हणालो, “साडूभाऊ, पाद्री पोलिसांत जाईल.”

पाद्री पोलिसांत गेला नाही. निरोपसमारंभाला चार दिवस उरले असताना त्याचं लांबलचक, मायाळू उत्तर आलं. पालखी आमच्याकडे नाही, त्याने लिहिलं होतं. जत्रा म्हणावी असं सप्टेंबरातलं भाज्यांचं प्रदर्शन तेवढं असतं. सगळ्यात मोठ्या भोपळ्याला बक्षीस मिळतं. गावात आता जेमतेम दहा घरं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण हेझलबी नावाचं इथे कुणी नाही. मी चर्चच्या सगळ्या जुन्या वह्या पाहिल्या. जन्म नाही, लग्न नाही, थडगं नाही. या गावात हेझलबी कधी नव्हताच. सोबत भोपळ्याच्या स्पर्धेचा फॉर्म जोडलेला होता, का ते देव जाणे.

साडू खचले. नकाशावर सगळीकडे टाचण्या आणि नेमक्या त्या ठिपक्यावर काही नाही. “तीन महिने त्या माणसाला मी मनातल्या मनात घरी पोचवत होतो,” ते म्हणाले, “आता सांगू काय? की तुझ्या गावात तुझं कुणी नाही, कधी नव्हतंच?” ते स्वतःबद्दलही बोलत होते, हे मला तेव्हा कळलं. ठरलं असं, की गप्प बसायचं.

पण अक्कांच्या पोटात काही राहील तर ना! समारंभ ऑफिसच्याच कँटीनमध्ये, दुपारी, बिर्याणीचा. मलाही बोलावणं होतं. कंपनीचे मालक, म्हणजे अर्बाब, मूळचे आतल्या इब्री गावचे. ते मुद्दाम आले होते. भाषणं झाली, घड्याळ देऊन झालं. मग साहेबांनीच हसत विचारलं, “तुमच्या मिसेस म्हणत होत्या, तुम्ही माझं गाव शोधलंय?”

साडू उभे राहिले. खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आणि त्या भल्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. “सर,” ते म्हणाले, “गाव आहे. पण तिथे तुमच्या नावाचं कुणी नाही. कधी नव्हतं. आय अॅम सॉरी, सर.”

साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मला बिर्याणीसकट पोटात घ्यावं.

तेवढ्यात अर्बाब मोठ्याने हसले. “तो क्या हुआ?” ते त्यांच्या हिंदीत म्हणाले. “इब्री में मेरे को कौन इब्रीवाला बोलता? उधर तो सब इब्रीवाला है. मैं मस्कत आया, तब से सब बोलता. जो गाव से निकला, उसको गाव का नाम मिलता. जो बैठा है, उसको काय को मिलेगा? खलास! यल्ला, खाना ठंडा होता.”

साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तीस वर्षं आडनावं गोळा केलेल्या माणसाला इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती! त्यांनी टेबलावर हात आपटला. “अहो, बरोबर! मिठबांवात कोण कुणाला मिठबांवकर म्हणेल? सर, तुमचा कुणीतरी पणजोबा ते गाव सोडून निघाला, म्हणून वाटेत लोकांनी त्याला हेझलबी म्हटलं. गावात तुमचं नाव नाही, हाच तुम्ही तिथले असल्याचा पुरावा आहे!” साहेबांनी पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं. मग भोपळ्याचा फॉर्म नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. घड्याळ मात्र टेबलावरच विसरले, ते मागाहून पोचवावं लागलं.

साहेब खरंच तिकडे गेले. त्या दहा घरांतलं एक भाड्याने घेतलं. पुढच्या सप्टेंबरात साडूंना फोटो आला: साहेब मातीने माखलेले, हातात लहान मुलाएवढा भोपळा, तिसरं बक्षीस. साडूंनी तो फोटो अख्ख्या गाल्यात दाखवला. नकाशावरच्या त्या ठिपक्यावर लाल टाचणी लागली. “परत गेलेला एकमेव हेझलबी,” ते प्रत्येकाला सांगत.

दोन वर्षांनी साडूंची साठी आली, आणि त्यांचाही निरोपसमारंभ त्याच कँटीनमध्ये झाला. त्या दिवशी त्यांना कुणी गाव विचारलं नाही. विचारू नये, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांच्या सोयीने, कशेळी जवळ म्हणून, रत्नागिरीत फ्लॅट घेतला होता. सामान बांधताना नकाशा गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला. “तिकडच्या भिंतीला अक्का हात लावू देणार नाही,” म्हणाले. विमानतळावर हात हलवताना माझ्याकडे न बघता चष्मा पुसत होते.

महिनाभर फोन नाही. मग एका शुक्रवारी सकाळी आला. आवाज इतका चढलेला की मला वाटलं लॉटरी लागली.

“अहो, ऐका! आत्ता कुरियरवाला आला होता. वॉचमनला म्हणाला, इथे या आडनावाचे तिघं आहेत, मला नेमके कुठले हवेत ते कळेना. तर वॉचमनने खालून हाक मारली. काय हाक मारली असेल?”

“काय?”

“मस्कतकर! अहो, सगळी बिल्डिंग म्हणते! भाजीवाली म्हणते! अक्कांना मस्कतकर काकू म्हणतात! एकतीस वर्षं तिथे काढली, एकाने कधी म्हटलं नाही. निघालो, आणि चिकटलं.” मग जरा वेगळ्या आवाजात, “नकाशा आहे ना लावलेला? रत्नागिरीवर एक टाचणी लावा. मस्कतकर. सध्या जगात एकच घर.”

नकाशा गुंडाळलेलाच होता. तो काढला, भिंतीला लावला. टाचणी बायकोनेच शोधून दिली. रत्नागिरी समुद्राच्या इतकी काठाला आहे की टाचणी पाण्यात पडेल की काय असं वाटतं, म्हणून मी ती जरा जोर देऊन आत टोचली. समुद्राच्या या बाजूला, मस्कतवर, बोट ठेवून पाहिलं. तिथे एकही टाचणी नाही. आता शुक्रवारी मी कुणाकडे जाऊ?