मॅडमच्या डावीकडची खुर्ची

जठारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमच्या डाव्या हाताला माझी खुर्ची आहे. पेशंट वऱ्हाडीत सांगायचा, मी इंग्रजीत केसपेपर लिहायचे. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. चारचौघांत बोलायला कचरते, पण लिहिताना अडत नाही. सही करताना मॅडम कधीतरी "छान लिहिलंस" म्हणायच्या. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

दिवाळीनंतर मॅडमनी टेबलावर एक फोन ठेवला. त्यातला एआय सगळं बोलणं ऐकतो आणि पेशंट उठायच्या आत केसपेपर तयार करतो. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "किती नेटकं लिहितो गं हा." माझ्याकडे फक्त तपासणं उरलं. मी रोज त्याची चूक शोधायचे. सापडली नाही की घरी जाऊन आईवर चिडायचे. त्याची वाक्यं माझ्यापेक्षा चांगली होती. दोन-तीन तर मी वहीत उतरवून घेतली.

एकदा जुन्या शहरातून सासू-सून आल्या. सुनेला पाचवा महिना होता, चक्कर येत होती. सासूसमोर सून डॉक्टरशी बोलत नाही, हे आमच्याकडे नेहमीचंच. मॅडमनी सुनेला विचारलं, तर सासू म्हणाली, "तिले काय इचारता, मी सांगतो न." सुनेची चक्कर सांगता सांगता बाई स्वतःच्या शुगरवर घसरल्या. सकाळची गोळी कधी राहून जाते, तळपायांची आग होते. सून नुसती मान हलवत होती.

केसपेपर छापून आला. सुनेच्या नावाखाली शुगर, सुनेच्याच नावाखाली रोजची गोळी. मला इतका आनंद झाला की लगेच लाजही वाटली. तरी होऊ दे सही, मग कळेल, असं वाटलं. मॅडमनी न वाचताच पेन उघडलं. सुनेनं कागदासाठी हात पुढे केला.

"मॅडम, शुगर सासूबाईंना आहे. हिला नाही."

माझाच आवाज मला मोठा वाटला. मॅडमनी ती ओळ खोडली आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं तू होतीस."

ते सुख चार दिवस पुरलं. मग त्यांनीच सुचवलं की पेशंट बसला की कोण कोण आलंय ते मी आधीच फोनला सांगत जावं. आता सांगते. ही पेशंट, ही तिची सासू, हा दीर. तेव्हापासून त्याची तशी चूक झालेली नाही.

परवा मॅडम एका डॉक्टर मैत्रिणीला सांगत होत्या की आमचा एआय हल्ली अगदी बिनचूक लिहितो. मी शेजारीच, माझ्या खुर्चीत होते.