खेडीघाटची दशमी

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी प्रवासाचं काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मध्यभारताच्या सचिवालयातल्या कारकुनाला प्रवासाचं काय कौतुक! उन्हाळ्यात दफ्तर इंदूरला, पावसाळा सरला की फाइलींच्या पेट्यांसकट ग्वाल्हेरला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी आमची राजधानी. पण मागच्या आठवड्यात नानांना घेऊन नर्मदेवर खेडीघाटला गेलो होतो. त्याबद्दल लिही असं नानांनीच सांगितलं, आणि त्यांना नाही म्हणणं मला या जन्मी जमलेलं नाही.

नाना म्हणजे माझे वडील. होळकरांच्या नोकरीत केस पांढरे झाले, संस्थान गेल्यावर पेन्शन घेऊन जुन्या इंदुरातल्या घरी बसले. आमचं घर मासे खाणारं, पण नानांना खाण्यापेक्षा धरण्याचा शौक जास्त. काचबिंदूनं दृष्टी गेली आणि सात वर्षं त्यांच्या गळाला पाणी लागलं नाही. आता त्यांना कंदील पेटलाय एवढंच कळतं. पत्रं, वर्तमानपत्र, पंचांग, सगळं मी वाचून दाखवतो. मी ग्वाल्हेरला असलो की ते माझी वाट बघत साठवून ठेवतात.

या नवरात्रात, ग्वाल्हेरला निघण्याआधी, त्यांनी मला पंचांग घेऊन बसवलं. मासेमारीचा दिवस कसा काढायचा हे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात जायचंच नाही. पाणी गढूळ आणि मासा अंड्यांवर. दिवाळीनंतर नर्मदा निवळते. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नये, कारण (हे नानांचं शास्त्र) चांदण्यात रात्रभर जेवलेला मासा सकाळी तुमच्या गळाला लावलेल्या कणकेकडे ढुंकून बघत नाही. वद्य अष्टमी उलटू द्यावी. वारा पूर्वेचा असेल तर तिकिटं परत करावीत. हे सगळं जुळवून दिवस निघाला, कार्तिक वद्य दशमी.

"भागीरथला कार्ड टाक," नाना म्हणाले. "म्हणावं, नाव तयार ठेव. कार्तिक वद्य दशमीला येतोय."

भागीरथ हा खेडीघाटचा केवट. तीस वर्षं नानांना त्यानंच नावेतून नेलं. कार्ड लिहून झालं तरी नाना उठेनात. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पंधराएक वर्षांपूर्वी साहेबांचे पाहुणे घेऊन ते खेडीघाटला गेले होते. भला मोठा बाडस गळाला लागला. बाडस म्हणजे नर्मदेतला सोनेरी खवल्यांचा मासा, ताकदीला रेडा. तासभर झुंजला आणि नावेपाशी येऊन सुटला. नानांनी सगळ्यांसमोर भागीरथच्या थोबाडीत मारली. वल्हं चुकीचं मारलंस, दोर तोडलास म्हणून.

"घरी येऊन काठीवरची दोराची चरखी उघडली," नाना म्हणाले. "तुटलेल्या दोराचं टोक फाटतं, वसंता. सुटलेल्या गाठीचं टोक वळलेलं राहतं. ते वळलेलं होतं. गाठ मी बांधली होती."

"मग त्याला सांगितलंत?"

"नंतर वीस वेळा गेलो. त्याच्या हातची भाकर खाल्ली. नाही सांगितलं." मग म्हणाले, "आता सांगायचंय. तेवढ्यासाठी ने मला."

मी ग्वाल्हेरला गेलो, आणि दिवाळीची रजासुद्धा घेतली नाही. सगळी या दशमीसाठी राखून ठेवली. अष्टमीला इंदूरला आलो आणि नवमीच्या सकाळी नानांना घेऊन टांग्यानं स्टेशन गाठलं. खांडव्याकडे जाणारी छोटी गाडी सकाळची धरावी, म्हणजे दुपारपर्यंत बडवाहला उतरता येतं. तिसऱ्या वर्गाला गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांना दाराजवळची बाकं बरी. फराळाला घरून पोहे आणि शेव घ्यावी, पाण्याचा फिरकीचा तांब्या विसरू नये. आम्ही विसरलो.

राऊला एक शेतकरी चढला. नानांची कापडी पिशवीतली गळाची विलायती काठी बघून विचारतो, "काकाजी, ये तंबूरा है क्या?"

"हाँ भिया," नाना म्हणाले, "मच्छी को भजन सुनाने जा रिये हैं."

सगळा डबा हसला. नानांना इतकं खुशीत मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. महू गेलं, पाताळपाणीला इंजिन बदललं. इथे डाव्या-उजव्या बाजूवरून भांडण नको. धबधबा दिसेल तिकडे सगळा डबाच झुकतो. मग बोगदे आणि उतार. कालाकुंडला पानातला कलाकंद घ्यावाच घ्यावा. चोरल नदी आली तशी नानांनी माझा हात धरला.

"पाणी कसं आहे?"

"हिरवं. तळाचे दगड दिसताहेत."

"मग नर्मदाही निवळली असेल. वारा?"

मी खिडकीबाहेर हात काढला. "पश्चिमेचा."

"बघ," ते म्हणाले, "इतका चांगला दिवस मी आयुष्यात चार वेळा काढला असेन."

बडवाहहून खेडीघाटला बैलगाडी केली. टांगा लवकर पोचतो पण हाडं खिळखिळी करतो, आणि नानांना घाई नव्हती. वाटेत ते पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. कान दिला तर, "भागीरथ, गलती मेरी थी... नहीं, भागीरथ, वो गाँठ..." अशी तयारी चालली होती. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला माफीचं वाक्य जुळत नव्हतं.

घाटावर नाव उलटी घालून ठेवली होती. नानांना वडाखाली गाडीतच बसवून मी भागीरथच्या झोपडीकडे गेलो. दारात त्याची बायको होती, पांढऱ्या लुगड्यात. ते बघूनच माझे पाय थांबले. मी कोण ते सांगितलं, तशी ती आत जाऊन कौलांच्या सांदीतून एक कार्ड घेऊन आली. माझंच अक्षर. नोकरीत हिंदी मसुदे लिहून लिहून वळणदार झालेलं.

"मास्टरजी ने पढ़ के सुनाया था," ती म्हणाली. "कातिक बदी दसमी. तीन दिन घाट पे नाव बाँध के बैठे रहे. दिवाली के पेले की बात है. हवा में ताव-बुखार चढ़ गया, फिर भी उठे नहीं. देव उठनी ग्यारस को चले गए. कल तेरवीं हुई."

"पर दसमी तो कल है, माँजी."

"कल तो अगहन बदी है, बेटा. कातिक की तो कब की गई."

आपला महिना अमावास्येला संपतो, माळवा-निमाडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकच असतं, म्हणून तिची देव उठनी ग्यारस ती आपली कार्तिकी एकादशी. वद्य लागलं की ते पुढच्या महिन्यात जातात. आपली कार्तिक वद्य दशमी ती त्यांची अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, वदी दशमी. त्यांची कार्तिक वदी दशमी दिवाळीच्या पाच दिवस आधीच होऊन जाते. इंदुरात जन्मलेल्या मराठी पोराला हे ठाऊक नसतं असं नाही. दृष्टी होती तोवर नाना स्वतः कार्ड लिहीत आणि न चुकता 'अगहन' लिहीत. मला हे कळतं आहे असं त्यांनी गृहीत धरलं. मी मात्र त्यांचे शब्द जसेच्या तसे हिंदीत उतरवले, आणि वर अक्षर चांगलं आलं म्हणून खूशही झालो.

"बाबूजी आए नहीं," ती सांगत होती, "तो बोले, अभी तक गुस्सा हैं मुझसे."

गाडीपर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं असेल. तेवढ्यात मी काय ठरवलं म्हणाल तर काहीच नाही. भागीरथ गेल्याचं सांगितलं. नानांनी टेकायच्या काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "कार्ड मिळालं होतं त्याला?"

"नसेल मिळालं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"मला तिच्याकडे ने."

झोपडीत खाटेवर बसून नानांनी सगळं सांगितलं. पाहुणे, बाडस, थोबाडीत, घरी उघडलेली चरखी. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. शेवटी हात जोडले. मी माझ्या वडिलांना देवाव्यतिरिक्त कुणाला हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"गाँठ की बात उनको उसी दिन मालूम थी, बाबूजी," ती म्हणाली. "डोरे का सिरा देख लिया था उन्ने."

"फिर बोला क्यों नहीं?"

"बोलते थे, बाबूजी खुद बोलेंगे किसी दिन."

नानांचे डोळे दिसायचे थांबले आहेत, वाहायचे नाहीत. मी भिंतीकडे बघत उभा होतो. कार्ड अजून तिच्या हातात होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतलं. एवढ्या कळत्या बाईपुढे उभं राहायची मला लाज वाटली.

रात्र धर्मशाळेत काढली. जागा फुकट आहे, गाद्या आपल्या न्याव्यात, आणि नर्मदेचा गारठा कार्तिकात कमी समजू नये. दशमीच्या पहाटे नाना मला घेऊन पाण्याशी गेले. वारा पश्चिमेचा होता, आभाळ धुतल्यासारखं, पाणी तळापर्यंत स्वच्छ. मासे वर येऊन उलटत होते, त्यांचा आवाज नानांना ऐकू येत होता. काठी त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. घरून भाजलेल्या चण्याचं पीठ घालून मळून आणलेली कणीक तोडून तोडून पाण्यात टाकली, संपेपर्यंत.

"एक बरं झालं," ते म्हणाले. "कार्ड पोचलं असतं तर तो वाट बघत बसला असता. वाट बघून गेला असता तर मला फार लागलं असतं."

मी कणकेचं फडकं पाण्यात धुऊन पिळलं. परतीची गाडी दुपारची होती, उशिरा आली. चोरलला त्यांनी पाणी कसं आहे ते विचारलं नाही.

इंदूरला येऊन पाच दिवस झाले. या सफरीतून काय राहिलं असं लोक विचारतात. मासा एकही आणला नाही, त्यामुळे शेजारी नाराज आहेत. नाना मात्र बरे आहेत. दोन घास जास्त जेवतात. मनावरचं उतरलं म्हणतात. ते वाक्य मी रोज ऐकतो, आणि रोज माझ्या मनावर तेच चढतं. त्यांना सांगावं तर त्यांच्या हाती लागलेला एवढासा दिलासा काढून घ्यायचा. न सांगावं तर त्यांनी पंधरा वर्षं जे केलं तेच मी करायचं, आणि तेही ज्यांनी माझ्यादेखत ते फेडायचा प्रयत्न केला त्यांच्याशी.

त्यांना दिसत नाही. वाचताना मी दोन पानं उलटून पुढे गेलो तर त्यांना कळणार नाही. हा विचार मी केला, एकदा नाही, अनेकदा.

उद्या मला ग्वाल्हेरची गाडी धरायची आहे. सकाळपासून नाना तीनदा विचारून गेले, "खेडीघाटचं लिहून झालं का? वाचनालयात द्यायच्या आधी मला वाचून दाखव हो." आत्ता ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले आहेत, पाय शालीत गुंडाळून, ऐकायच्या तयारीनं. म्हणून शेवटचं त्यांच्यासाठीच लिहून ठेवतो, म्हणजे तिथवर पोचल्यावर मला शब्द शोधावे लागणार नाहीत.

नाना, कार्ड पोचलं होतं. महिना मी चुकलो. तीन दिवस तो तुमची वाट बघत बसला होता.