रेआलच्या वर्षाचे गुण

लेओनी माझी मावसबहीण. खेकड्यांच्या कारखान्यात ती आमच्या पाळीची मुकादम. हंगामात शंभरेक बाया ती एकटी सांभाळायची, त्यांची भांडणंसुद्धा. मॉन्ट्रियलला जाऊन एमबीए करायचं तिच्या मनानं घेतलं, तेव्हा आडवी आली तिची जुनी गुणपत्रिका. कॉलेजचं पहिलं वर्ष उत्तम, शेवटचंही चांगलं, मधल्या वर्षी मात्र चार विषयांत नापास.

त्या वसंतात तिचा भाऊ रेआल खेकडे धरायला गेला होता. बोट उलटलेली सापडली, तो सापडला नाही. परीक्षा सोडून लेओनी रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

गुण का घसरले, ते सांगायला अर्जात जागा होती. तिनं ती कोरी ठेवली.

"त्याच्या नावावर प्रवेश मागू?" ती म्हणाली.

"नको मागूस. त्यांना वाटू दे, पोरगी वर्षभर नाचत होती," मी म्हणाले.

"नाचत होतेच की. तो जाईपर्यंत."

शेवटी तिनं लिहिलं. रविवारी मी मावशीकडे जेवायला गेले होते, तेव्हा मावशी म्हणाली, "काय लिहिलंयस, वाच बघू." लेओनी वाचू लागली. 'माझा भाऊ समुद्रात बुडून मेला' इथं आल्यावर मावशीनं हातातला चमचा खाली ठेवला.

"मेला म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"आई, सहा वर्षं झाली."

"कुणी सांगितलं, ते विचारतेय. तू पाहिलंस?"

रेआलच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा करू म्हणणाऱ्या पाद्रीबुवांनाही मावशीनं दारातून परत पाठवलं होतं.

"हरवला, असं लिही," मावशी म्हणाली.

लेओनीनं तिच्यासमोरच तसं केलं. एका शब्दानं काय बिघडतंय, असं मलाही वाटलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत घेणारा माणूस वाईट नव्हता, हे तीच सांगते. कागद चाळत त्यानं सहज विचारलं, "भाऊ हरवला होता म्हणता. मग सापडला कधी?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिला रडू कोसळलं. त्यानं पाणी दिलं, थांबला. पुढच्या प्रश्नांना काय उत्तरं दिली, ते तिला आठवत नाही.

महिन्याभरात नकार आला.

"काय म्हणाले?" मावशीनं विचारलं.

"गुण कमी पडले, आई."

"मग तेव्हाच नीट अभ्यास करायचा होतास."

मी तोंड उघडणार, तोच लेओनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

पुढल्या वर्षी मी पुन्हा अर्जाचा विषय काढला. "आई आहे तोवर नको," ती म्हणाली. मावशी साठीला टेकली आहे. ठणठणीत आहे. लेओनी अजून आमच्या पाळीवरच आहे.