विमलताईंची हलकी थाळी

विमलताईंच्या हातात खेळातली डिस्क दिली की त्या ती लगेच फेकत नसत. आधी तळहातावर आडवी ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि भाजीवाली वांगी तोलते तशी दोनदा वरखाली करायच्या. मग डोळे उघडून निकाल जाहीर व्हायचा. "ही डावीकडं पळंल." किंवा, "ही आळशी हाय, लवकर बसंल." निकाल निम्म्या वेळा साफ चुकायचा. चुकला की दोष वाऱ्याचा. वाऱ्याला बिचाऱ्याला तोंड नाही, म्हणून विमलताईंची पत वर्षानुवर्षं टिकून राहिली.

हे हातावर तोलणं त्या माहेरी शिकल्या होत्या. माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. घरी झेंडू आणि शेवंती. नाशिकच्या बाजारात जायच्या आधी प्रत्येक टोपली त्यांचे वडील हातावर उचलून पाहत आणि तराजूच्या आधीच वजन सांगून मोकळे होत. वडिलांचं बरोबर यायचं असं त्या म्हणतात. मला शंका आहे, पण सायखेड्याची साक्ष काढायला मी कधी गेले नाही.

माझी नि त्यांची ओळख झाली ती मखमलाबादच्या पुढे, एका मोडलेल्या द्राक्षबागेत. प्रशांत नावाचा आमच्या सोसायटीतला एक कॉम्प्युटरवाला मुलगा, मुलगा म्हणजे पस्तिशीचा, परदेशातून डिस्क गोल्फ हा खेळ शिकून आला होता. गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची चपटी डिस्क हाताने फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती लांबवरच्या टोपलीत घालायची. त्याच्या मामांनी द्राक्षाच्या वेली काढून टाकल्या होत्या, मांडवाचे लोखंडी अँगल मात्र तसेच उभे होते. प्रशांतने त्यांतल्याच काहींना सळ्यांच्या टोपल्या वेल्ड करून घेतल्या आणि वर सायकलच्या जुन्या चेन टांगल्या. डिस्क चेनवर आदळली की खळ्ळकन आवाज होई आणि ती टोपलीत पडे. रविवारी सकाळी आम्ही पाचसहा जण जमू लागलो. मी आले ती गुडघ्यांसाठी, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं होतं. विमलताई कशासाठी आल्या होत्या ते मला पहिल्याच दिवशी दिसलं.

त्या मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. नऊवारी नाही, पण पाचवारीच, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गळ्यात शिट्टी. तरुणपणी त्या थाळीफेक करत. प्रशांतने त्यांना डिस्क कशी धरायची, हात कसा आणायचा हे व्यवस्थित इंग्रजी-मराठी मिसळून समजावलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि थाळीफेकीच्या गिरकीत स्वतःभोवती फिरून ती डिस्क अशी भिरकावली की ती शेजारच्या शेतातल्या कोथिंबिरीत जाऊन पडली. "हे बरोबर हाय का?" त्यांनी विचारलं. प्रशांत म्हणाला, "मॅडम, टोपली दुसऱ्या बाजूला आहे." त्या म्हणाल्या, "ते मंग शिकू. आधी लांब जाते का नाय ते बघितलं."

तेव्हापासून डिस्कला त्या थाळीच म्हणत आल्या. आणि थाळी म्हणजे जड. लांब फेकायच्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात. त्यांतल्या सगळ्यात वजनदार ड्रायव्हर ताईंच्या पिशवीत असत. एकदा प्रशांतने भीत भीत त्यांच्यासमोर थोडी हलकी डिस्क धरली आणि वर म्हणाला की बायकांना ही सोपी जाते. झालं. "बायकांना? म्या काय इथं पापड लाटाया आले का?" तो विषय तिथेच मिटला.

शाळेत त्या शुद्ध बोलत असणार, कारण फोनवर जुन्या मुख्याध्यापिकांशी बोलताना त्यांचं मराठी इस्त्री केल्यासारखं असे. बागेत मात्र सायखेडा बाहेर पडायचा. नवख्या माणसाला त्या हटकून एकच सांगत, "जोर घरी ठेवून यायचा. इथं नाय आणायचा." मग स्वतः पुढे होऊन सगळा जोर लावून थाळी फेकत. मी एकदा विचारलंही, "ताई, तुम्ही जोर का आणता मग?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे दोन रविवार मी प्रश्न विचारले नाहीत.

आता त्या सायखेड्याला भावाकडे राहायला गेल्या आहेत, आणि रविवारी सकाळी मला घर खायला उठतं. म्हणून हे लिहिते आहे. पण मुख्य सांगायचं आहे ते त्यांच्या खांद्याचं.

एका सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या खांद्यावर पडल्या. आतला स्नायू फाटला. ऑपरेशन झालं. पुढे कितीतरी आठवडे हात झोळीत, मग दाराला दोरी बांधून तो वर-खाली ओढण्याचे व्यायाम. केस विंचरायलासुद्धा सून वैशाली लागे. वैशाली गुणी मुलगी, पण ताईंना कुणी हात लावलेला चालत नसे. मी भेटायला गेले की त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असत आणि वैशाली मागे उभी राहून वेणी घालत असे. "शेवग्याच्या शेंगा बांधल्यासारखी बांधती ही," त्या कुरकुरत. आवाजात तक्रारीपेक्षा लाज जास्त होती. मला ते बघवत नसे.

शेवटच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी हात सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "छान भरून आलंय. आता हलकं काहीतरी फेकायला हरकत नाही. उलट फेका. भीतीनं हात जवळ धरून बसलात तर खांदा आखडेल, आणि मग तो सोडवायला फार त्रास." ताई "होय, होय" म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मात्र माझा हात घट्ट धरला.

"अनुराधा, परत फाटलं तर?"

"डॉक्टर म्हणाले ना, भरून आलंय."

"ते म्हणत्यात. टेबलावर मी झोपणार का ते? नाय गं बाई. ते दिवं, तो वास... मला नाय जमायचं परत. झालं तेवढं खेळून झालं."

विमलताईंना भ्यायलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी सगळ्या थाळ्या एका गोणीत भरून वैशालीकडून पोटमाळ्यावर टाकवल्या. पुढचे कितीतरी रविवार त्या आल्या नाहीत. मी गेले की त्यांचा उजवा हात मांडीवर, मुटकुळं करून ठेवलेला दिसे, आजारी मांजर घेऊन बसावं तसा. खांदा खरंच आखडू लागला होता. वैशालीने मला दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "काकू, काहीतरी करा. व्यायामाची दोरीसुद्धा सोडलीये त्यांनी."

योगायोगाने त्याच सुमारास प्रशांतने नवे ड्रायव्हर मागवले. वजनदार ड्रायव्हर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असतात, हे दीडशेच्याही आतले. नवीन पद्धतीचं प्लास्टिक, ओततानाच त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे सोडलेले, त्यामुळे आकार तोच पण वजन कमी. मी एक डिस्क पिशवीत घालून ताईंकडे गेले. फेका म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "नवीन माल आलाय. चांगला की वाईट ते आम्हाला कळत नाही. तुम्ही परीक्षक म्हणून या."

त्यांनी ती डाव्या हातात घेतली, दिव्याकडे धरली, नखाने टोकरली. "आत पोकळ हाय?"

"पोकळ नाही, जाळीदार."

"अनारशासारखी?"

"तशीच समजा."

"मंग मोडंल," त्या म्हणाल्या. पण डिस्क लगेच परत दिली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परीक्षा घ्यायला येईन. हात लावणार नाय, आधीच सांगते."

डिसेंबरातला रविवार होता. प्रशांतने गाडीतून त्यांना आणलं, बरोबर त्यांची प्लास्टिकची खुर्चीही आणली. खुर्ची बागेच्या टोकाला मांडली आणि ताई गळ्यात शिट्टी अडकवून, शालीत उजवा हात गुंडाळून बसल्या. वारा समोरून होता, बऱ्यापैकी जोराचा. शिट्टी वाजली आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला प्रशांत. आमच्यात सगळ्यात लांब फेकणारा. त्याने नेहमीसारखी चार पावलं धावत येऊन दणकून फेक केली. डिस्क सुटली, क्षणभर छान गेली, मग उजवीकडे कलंडली, आडवीची उभी झाली आणि ढेकळांत नाक खुपसून पडली. "हात घसरला," प्रशांत म्हणाला. दुसरी टाकली. तीही तशीच. मग बाकीच्यांनी एकेक करून तोच पराक्रम केला. माझ्याबद्दल न बोललेलं बरं, माझी तर मागच्या बाजूला गेली. प्रशांत म्हणाला की एवढ्या हलक्या डिस्क आमच्यासारख्यांच्या कामाच्या नाहीत, वाऱ्यात टिकतच नाहीत.

माझं लक्ष डिस्ककडे कमी आणि खुर्चीकडे जास्त होतं. खुर्ची करकरू लागली होती. ताईंचे पाय वर्गातल्या मुलींचे बाकाखाली हलतात तसे हलत होते. प्रशांतने पुन्हा धाव घेतली, पुन्हा डिस्क कलंडली, आणि शिट्टी इतक्या जोरात वाजली की शेजारच्या शेतात पाणी भरणारा माणूस वर बघायला लागला.

"अरे काय चाललंय काय!" ताई उभ्या राहिल्या होत्या. शाल खाली पडली होती. "अनारसा हाय तो, अनारसा! दगड हाणल्यासारखा हाणताय! किती वर्सं सांगते, जोर घरी ठेवून या म्हणून. आण इकडं!"

त्यांनी प्रशांतच्या हातातून डिस्क ओढून घेतली. उजव्या हाताने. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आमच्या आलं होतं. डोळे मिटून त्यांनी ती तळहातावर दोनदा तोलली. मग टोपलीकडे खांदा करून उभ्या राहिल्या. धाव नाही, गिरकी नाही. हात छातीपाशी आणला आणि सोडला. एवढंच. त्यापेक्षा जास्त त्या हाताला त्या दिवशी येतच नव्हतं.

डिस्क जमिनीलगत निघाली. मला वाटलं आता कलंडेल, पण ती सपाट राहिली. वारा तिच्या खाली शिरला, तिने जरा उंची घेतली, बराच वेळ तशीच तरंगली आणि शेवटी डावीकडे हलकेच वळून टोपलीच्या अलीकडे बसली. फेक काही विक्रमी नव्हती. जुन्या दिवसांत ताईंनी जड थाळी याच्या पुढे घातलेली मी पाहिली आहे. पण त्या सकाळी आमच्यापैकी कुणाचीच डिस्क तिच्या निम्म्यापर्यंतही पोचली नव्हती.

ताई हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या. आता त्यांना कळलं होतं आपण काय केलं ते. चेहरा पांढरा पडला होता. परीक्षक म्हणून यांना इथे आणायची अक्कल कुणाची, तर माझी. काही झालं असतं तर वैशालीला मी काय तोंड दाखवणार होते?

"ताई?"

"थांब." त्यांनी हात सावकाश खाली घेतला. डाव्या हाताने खांदा चाचपला, पुढून, मागून. पुन्हा वर उचलला. आम्ही सगळे त्या खांद्याकडे बघत होतो.

"दुखलं नाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, खरं का खोटं ते मला विचारत असल्यासारख्या, "अनुराधा, दुखलं नाय गं."

मला एकदम रडू फुटलं. मी लपवलंही नाही. प्रशांत पाठ करून चष्मा पुसत राहिला. इतक्या महिन्यांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते आपल्याही छातीवर होतं हे मला तेव्हाच समजलं. ताई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि डिस्क आणायला निघाल्या. प्रशांत "मी आणतो मॅडम" म्हणत पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारलं. पहिली काही पावलं चालल्या. मग चक्क पळायला लागल्या, ढेकळांतून, सऱ्या ओलांडत, शिट्टी छातीवर उडते आहे, वेणी सुटते आहे.

त्या दिवशी आणखी थोड्याच फेकी मी त्यांना करू दिल्या, आणि त्यासुद्धा भांडून. शेवटी डिस्कची पिशवी मी गाडीत नेऊन टाकली. गाडीत बसताना त्यांनी निकाल सांगितला. "माल पास. पण बायकांसाठी-बिंसाठी म्हणून देऊ नका. ह्या प्रशांतला द्या. त्याची मस्ती जिरंल." प्रशांत हसून "हो मॅडम" म्हणाला. तेवढ्यात त्या खिडकीकडे वळून, जरा हळू आवाजात म्हणाल्या, "माझीबी जिरलीच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तर फोन वाजला. विमलताई. आवाज कण्हल्यासारखा.

"अनुराधा, दुखतंय गं. उठवत नाय."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "खांदा? ताई, हलवू नका. मी येते, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ."

"खांदा? खांद्याला काय धाड भरली! पोटऱ्या गं, पोटऱ्या. काल केवढी पळवली मला त्या थाळीनं! पाय उचलत नाय जमिनीवरनं." पलीकडून वैशालीच्या हसण्याचा आवाज आला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. चहा उतू गेला, जाऊ दिला.

"बरं," ताई म्हणाल्या, "परत कधी निघायचं?"