रस्ता कोणाच्या शेतातून गेला

गावाच्या स्मरणिकेसाठी सोयींबद्दल लिहायला बसलो की मी रस्त्यापाशीच अडतो. वीज, नळ, शाळेच्या वाढीव खोल्या, एसटीचा थांबा, सगळं आमच्या गावात रस्त्यामागून आलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निजामपुऱ्याच्या बाजाराला जायचं तर शेताच्या बांधावरून चिखल तुडवावा लागे.

रस्ता गावानेच श्रमदानातून केला. आखायला सरकारी माणूस नव्हता. शेताची हद्द ठरवताना धरतात तशी दोरी धरली. एक टोक माझ्याकडे, दुसरं बौद्धवाड्यातल्या एका शेतकऱ्याकडे. एका अंगाला आमचं शेत, दुसऱ्या अंगाला त्याचं. दोघांनी सारखी जमीन सोडायची, असं देवळाच्या मंडपात ठरलं होतं. तो माझ्याहून वयाने मोठा, तरी मला दादा म्हणायचा.

मध्ये आमचं भात झोडायचं खळं येत होतं. वडील बांधावर उभे होते. मी दोरी त्याच्या शेतात सरकवली.

‘दादा, दोरी वाकली हाय,’ तो म्हणाला.

‘न्हाय रं, सरळ हाय.’

‘मंग माझंच डोळं वाकडं झालं असतील.’

लोक हसले. खुंट्या ठोकल्या गेल्या. त्याचं जवळजवळ अर्धं शेत रस्त्यात गेलं, आमची जेमतेम कड.

नव्वदच्या दशकात राहनाळ गावाकडून मालाची गोदामं वाढत आमच्यापर्यंत पोचली. रस्त्याकडेची आमची जमीन भाड्याने गेली. त्याच्या उरलेल्या पट्टीत ट्रकसुद्धा वळत नव्हता. तो हमाली करत म्हातारा झाला आणि गेला. गावात बोलणं पसरलं, की त्याने जमीन विकून खाल्ली. मी ते ऐकत राहिलो. मागच्या स्मरणिकेत रस्त्याला जमीन देणारे म्हणून एकट्या माझ्या वडिलांचा उल्लेख आहे. तो मजकूर माझाच.

या वेळी लिहिण्याआधी त्याच्या बायकोकडे गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

‘इकली न्हाय, दिली. येवढं लिवा, दादा. पोरांना अजून लोक टोमणं मारतात.’

मी दोरीचं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

‘त्यांना ठावं व्हतं. घरी येऊन बोलले. दुसऱ्या दिशी परत माती टाकाया गेलेच.’

‘का गेले, वहिनी?’

‘माझं दिवस भरत आलेलं. मला चिखलातनं झोळीत घालून दवाखान्यात न्यायाची न्हवती त्यांना.’

स्मरणिकेच्या मंडळींचं म्हणणं आहे, त्याने जमीन दिली एवढं लिहा, दोरीचं गाळा, उगाच गावाची शोभा होते. वाद घालण्याची ताकद आता माझ्यात नाही. पण तेवढंच छापलं तर सगळी जमीन त्याने आपणहून दिली असं होईल. त्याने आपल्या वाट्याची दिली. आमच्या वाट्याची मी त्याच्याकडून काढून घेतली. दोन्ही लिहून देतो आहे.